झिंक ऑक्साइडच्या नॅनोपट्ट्या वाकड्या का येतात: पायझोला दोष देण्याआधी काय तपासायचं

ट्यूब फर्नेस (नळीची भट्टी) थंड झाली, पावडर ठेवायच्या छोट्या पात्राच्या, म्हणजे बोटीच्या, पुढच्या अंगाला कापसासारखा पांढरा थर दिसला, की जीव भांड्यात पडतो. मग सेमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघावं, तर निम्म्या नॅनोपट्ट्या, म्हणजे नॅनोमीटरांत मोजायच्या जाडीच्या फिती, सरळ, काही धनुष्यासारख्या ताणलेल्या, काही स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या आणि मध्येच एखादी पूर्ण बंद झालेली कडी. पावडर तीच, तापमान तेच, आणि मागच्या आठवड्यात मात्र सगळ्या सरळसोट आल्या होत्या.

आमच्याकडे दरवर्षी नवीन येणारी मुलं हे फोटो घेऊन येतात आणि विचारतात, "दादा, हे पायझोमुळेच ना?" पायझो म्हणजे दाबविद्युत परिणाम: स्फटिक दाबला की वीज, आणि विद्युत क्षेत्र लावलं की त्याचा आकार बदलतो. हो म्हणून मोकळं होता येतं. पण तेवढ्यावर थांबलं, तर पुढची बॅचही वाकडीच येते. म्हणून इथे मी जसा शोध घेतो तसा सांगतो. उदाहरण झिंक ऑक्साइडचं आहे, कारण या विषयातलं बहुतेक काम त्याच्यावरच झालंय आणि माझा हातही त्यावरच बसलाय.

आधी "कधी", मग "का"

पट्टी तीन ठिकाणी वाकू शकते: भट्टीत वाढताना, द्रवातून ग्रिडवर (नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवर) वाळताना, आणि मायक्रोस्कोपमध्ये आपण बघत असताना. तिन्हींचे फोटो सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे आहेत. त्यामुळे भट्टीतून काढलेला थोडा कापूस अल्कोहोल न लावता, सोनं (चार्ज साचू नये म्हणून देतात तो पातळ थर) न चढवता, कार्बन टेपवर अलगद टेकवा आणि कमी व्होल्टेजला, १ ते २ किलोव्होल्टवर, बघा. चार्जिंगमुळे चित्र फार सुंदर येणार नाही, पण ते इथे नकोच आहे. या कोऱ्या नमुन्यातच पट्ट्या वाकलेल्या असतील, तर वाक वाढीतला. सरळ असतील, तर दोष आपल्या हाताळणीत.

हाताळणीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे वाळणारा थेंब. एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. झिंक ऑक्साइडचा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) साधारण १४० गिगापास्कल. १० नॅनोमीटर जाडीच्या पातळ पत्र्याला वाकायला जो विरोध आहे, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पृष्ठताणाने भागलं आणि वर्गमूळ काढलं, तर सुमारे ०.७ मायक्रॉन येतात. म्हणजे इतक्या पातळ पट्टीला मायक्रॉनभर त्रिज्येत वळवायला अल्कोहोलचा थेंबच पुरेसा आहे. पाणी असेल तर हा आकडा ०.४ मायक्रॉनवर येतो, कारण पाण्याचा पृष्ठताण तिपटीहून जास्त. तेच १०० नॅनोमीटर जाडीला अल्कोहोलचा आकडा २३ मायक्रॉन होतो, आणि थेंब तिला सहसा वळवू शकत नाही. थेंबाने वाकलेली पट्टी ओळखायची खूण अशी: टोकं एकमेकांना किंवा ग्रिडच्या जाळीला चिकटलेली असतात, पट्ट्या जुडीने वाकलेल्या असतात आणि वाक एका जागी जास्त, बाकी सरळ, असा हेअरपिनसारखा असतो. वाढीतला वाक सबंध लांबीभर एकसारखा असतो. यावर उपाय म्हणजे क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (पृष्ठताण लागू न देता वाळवणं), नाहीतर सरळ कोरड्या कोरड्या ग्रिडवर टेकवणं.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात. जुलै-ऑगस्टमध्ये नमुने डेसिकेटरबाहेर (कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवू नका. बॅचच्या डबीवर नुसती तारीख न टाकता नमुना किती तास उघडा होता तेही लिहा.

दुसरा गुन्हेगार सोनं. आमचे तीन आठवडे यातच गेले. प्रत्येक पट्टी सुंदर कमानीत वाकलेली, आणि आम्ही क्रिस्टलच्या ध्रुवीयतेवर चर्चा करत बसलो होतो. मग आमच्यातल्या एकीने साधी गोष्ट दाखवली: सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला वाकल्या होत्या, टेपपासून वर. वाक क्रिस्टलच्या अंगचा असता, तर असं झालं नसतं. टेपवर पडताना कुठली बाजू वर येणार हे नशिबावर असतं, त्यामुळे साधारण निम्म्या वर वळायला हव्या होत्या आणि निम्म्या खाली. सगळ्या एकाच दिशेला वळल्या म्हणजे कारण वरून आलेलं, आणि वरून आलं होतं ते स्पटरिंगचं, म्हणजे सेमसाठी अणूंच्या फवाऱ्याने चढवलेलं, सोनं. आकडा बघा: ५ नॅनोमीटर सोन्याच्या थरात २०० मेगापास्कल ताण अडकला असेल, तर दर मीटर रुंदीला १ न्यूटन बल होतं. पुढे दिसेल की क्रिस्टलच्या दोन पृष्ठभागांमधला फरकही आपण साधारण याच मापाचा धरतो. सोन्याचा थर इतका पातळ, त्याने काय होणार, असं आम्हाला वाटत होतं. पट्टीही तितकीच पातळ असते, हे विसरलो होतो.

तिसरं, इलेक्ट्रॉन बीम. एकाच जागेचे लागोपाठ दोन स्कॅन घ्या. पट्टी हलली असेल तर ती चार्ज होतेय, किंवा एका बाजूवर कार्बनचा मळ बसतोय. करंट कमी करा, मॅग्निफिकेशन कमी करा, आणि पहिला फोटो हाच पुरावा धरा.

वाक वाढीतलाच असेल तर

आता खरा प्रश्न. झिंक ऑक्साइडची रचना वुर्टझाइट, म्हणजे षट्कोनी. उभ्या अक्षावर, ज्याला आपण सी-अक्ष म्हणतो, झिंकचा थर, ऑक्सिजनचा थर, पुन्हा झिंक, पुन्हा ऑक्सिजन अशी चवड रचलेली. या चवडीला मध्यबिंदूची सममिती नाही. त्यामुळे वरची ०००१ बाजू झिंकवर संपते, तर खालची ऑक्सिजनवर. एक धन, दुसरी ऋण. दाबविद्युत गुण येतो तोही याच सममितीच्या अभावातून.

पट्टी कोणत्या दिशेने लांब वाढली, यावर पुढचं सगळं ठरतं. सी-अक्षाच्याच दिशेने लांब वाढली, तर ध्रुवीय बाजू फक्त दोन टोकांवर येतात, आणि टोकं इवलीशी असतात. अशा पट्ट्या आणि तारा सरळ राहतात. पण पट्टी त्याला काटकोनात वाढली आणि तिच्या रुंद चपट्या बाजूच झिंकच्या आणि ऑक्सिजनच्या निघाल्या, तर वाकायला निमित्त मिळतं.

२००१ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने ऑक्साइडच्या नॅनोपट्ट्या पहिल्यांदा मांडल्या. २००३ मध्ये त्याच गटातून झिंक ऑक्साइडचे नॅनोस्प्रिंग आणि नॅनोकड्या पुढे आल्या. त्यांचं स्पष्टीकरण विद्युतभाराचं होतं: दोन्ही रुंद बाजूंवर विरुद्ध भार असलेली पट्टी म्हणजे एक लांबलचक द्विध्रुव. ती वर्तुळात वळली की ऋण बाजूकडून धन बाजूकडे जाणारे सगळे बाण केंद्राकडे किंवा केंद्रापासून बाहेर रोखले जातात, एकूण बेरीज शून्य होते आणि विद्युत ऊर्जा घटते. वाकायला लागणारी स्थितिस्थापक ऊर्जा आणि ही वाचलेली ऊर्जा यांचा जिथे मेळ बसतो, ती त्रिज्या.

स्पष्टीकरण देखणं आहे, आणि मुलं इथेच थांबतात. मला मात्र त्यात दोन अडचणी दिसतात.

पहिली अडचण भार झाकला जाण्याची. झिंक ऑक्साइडचं उपजत ध्रुवीकरण गणिताने दर चौरस मीटरला ०.०५ कूलॉमच्या आसपास येतं. ते अजिबात झाकलं गेलं नाही असं मानलं, तर पट्टीच्या आत दर मीटरला सुमारे ६६ कोटी व्होल्टचं क्षेत्र तयार होईल. १० नॅनोमीटर जाडीवर ते साडेसहा व्होल्ट झाले. झिंक ऑक्साइडची बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. एवढं क्षेत्र टिकण्याआधीच आतले इलेक्ट्रॉन सरकतील, पृष्ठभागावरचे अणू आपली मांडणी बदलतील, हवेतले हायड्रॉक्सिल गट येऊन बसतील. म्हणजे भार बऱ्याच अंशी झाकलेला असणार, आणि वाक समजायचा तर उरलेल्या भाराचाच विचार करावा लागणार.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथेच "पायझोमुळे" हा शब्द फसवतो. जाडीच्या दिशेने विद्युत क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर दाबविद्युत परिणामाने पट्टी सगळीकडे सारखीच आखडेल किंवा लांबेल. वरचा थर जितका, तितकाच खालचा. ती सरळच राहील, फक्त थोडी लहान किंवा मोठी होईल. वाकण्यासाठी वरच्या आणि खालच्या बाजूत फरक पडायला हवा. उन्हात घातलेला ओला पापड आठवा. तो सगळीकडून सारखा सुकला तर नुसता आकसतो. वरची बाजू आधी सुकली की कडा उचलतात.

मग हा फरक कुठून येतो? मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे सरफेस स्ट्रेस. झिंकची बाजू आणि ऑक्सिजनची बाजू या रसायनाने वेगळ्या आहेत, त्यांच्यावरचे अणू वेगळ्या रीतीने सैलावतात, त्यामुळे दोन्ही कातड्यांमधला ताण वेगळा असतो. एक बाजू जास्त ओढते, पट्टी तिच्याकडे वळते. इथे ध्रुवीयतेचं काम एवढंच, की तिने दोन बाजू वेगळ्या केल्या. दुसरी वाट पायझोची, पण आडवळणाने जाणारी. झिंक ऑक्साइड अर्धवाहक आहे, त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते धन बाजूकडे गोळा होतात. त्यामुळे जाडीभर क्षेत्र एकसारखं राहत नाही, आणि मग पायझोचा ताणही वर एक, खाली एक असा होतो. किती अंतरावर हे इलेक्ट्रॉन क्षेत्र झाकतात? दर घन सेंटीमीटरला १० चा १७ वा घात इतके वाहक, म्हणजे हे मोकळे इलेक्ट्रॉन, असतील, तर हे अंतर साधारण ११ नॅनोमीटर येतं. म्हणजे नेमकं पट्टीच्या जाडीएवढं. वाहक दहापट झाले तर साडेतीन नॅनोमीटर. म्हणून डोपिंग (क्रिस्टलमध्ये मिसळलेली परकी द्रव्यं) बदललं की वाकही बदलू शकतो, जाडी तीच असली तरी. कार्मेल माजिदी, झी चेन, डेव्हिड स्रोलोविट्झ आणि मिक्को हाताया यांनी २०१० मध्ये यांत्रिकी, ध्रुवीकरण आणि आत पसरलेला भार (अवकाशभार) यांना एकाच चौकटीत बसवून नॅनोफितींचा हा आपोआपचा वाक मांडला. ते वाचल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ बराच निवळला.

जाडी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

जॉर्ज जेराल्ड स्टोनी यांनी १९०९ मध्ये धातूच्या मुलाम्यामुळे पट्टी वाकते त्याचं गणित दिलं होतं. तेच इथे कामी येतं. दोन बाजूंच्या सरफेस स्ट्रेसमधला फरक घ्या. मोड्युलसला जाडीच्या वर्गाने गुणा, आणि या फरकाच्या सहापटीने भागा. ती वाकाची त्रिज्या.

फरक दर मीटरला १ न्यूटन धरला, तर १० नॅनोमीटर जाडीला त्रिज्या २.३ मायक्रॉन येते. २० नॅनोमीटरला ९.३ मायक्रॉन. ५० ला ५८, आणि १०० ला २३३ मायक्रॉन, म्हणजे सेमच्या चौकटीत ती सरळच दिसणार. त्याच भट्टीतल्या, त्याच बोटीतल्या दोन पट्ट्यांपैकी एक कडी होते आणि शेजारची सरळ राहते, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. मुलांना वाटतं की दोघींची रचना वेगळी आहे. रचना तीच असते, जाडी तिप्पट असते. आणि २.३ मायक्रॉन त्रिज्येतही पृष्ठभागावरची विकृती ०.२ टक्केच होते, म्हणून ती तुटत नाही.

त्यामुळे किमान पंचवीस-तीस वाकलेल्या पट्ट्यांची त्रिज्या आणि जाडी दोन्ही मोजा. वाकलेल्या पट्टीची कड कुठेतरी डोळ्यासमोर उभी येते, तिथेच जाडी नीट मिळते. त्रिज्या मोजताना स्टेज कलवून बघा, नाहीतर तिरक्या कोनातून बघितलेली कमान लंबवर्तुळ दिसते आणि आकडा चुकतो. मग दोन्ही अक्ष लॉगवर घेऊन आलेख काढा. उतार २ आला, तर कारण पृष्ठभागांमधला फरक. उतार १ च्या जवळ आला, तर पट्टी आतून दोन थरांची असावी. टिमोशेंको यांनी १९२५ मध्ये द्विधातूच्या पट्टीसाठी दाखवलं होतं की थरांचं प्रमाण तेच राहिलं, तर त्रिज्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढते. अशा वेळी जाडीच्या दिशेने डोपंट किंवा दोष एका अंगाला साचलेत का, हे टेममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघा. उतारच दिसत नसेल, ठिपके विखुरलेले असतील, तर पुन्हा थेंब आणि सोन्याकडे वळा.

पट्टी कुठल्या बाजूला वळते, हेही तपासा. आतली बाजू झिंकची की ऑक्सिजनची? टेममध्ये कन्व्हर्जंट बीम डिफ्रॅक्शनने (इलेक्ट्रॉनच्या निमुळत्या झोताच्या विवर्तनाने) ते कळतं. ती सोय नसेल तर दोन गावठी खुणा आहेत. पट्टीच्या एकाच बाजूला कंगव्यासारखे दात उगवले असतील, तर ती बहुधा झिंकची बाजू, कारण वाढीला तीच जास्त सक्रिय असते. आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनची बाजू लवकर खाल्ली जाते, झिंकच्या बाजूवर षट्कोनी खड्डे पडतात. आम्लाने नमुना जातो, म्हणून ते शेवटी. सगळ्या पट्ट्यांमध्ये तीच बाजू आत असेल, तर दोष ध्रुवीयतेचा हे पक्कं.

इथे एक इशारा. सगळ्या कड्या या गणितात बसत नाहीत. वांग यांच्या गटाने २००४ मध्ये ज्या कड्या दाखवल्या, त्यांत १० ते १५ नॅनोमीटरची बारीक पट्टी दोरीच्या वेटोळ्यासारखी स्वतःवरच रचली जाते: खालच्या वेटोळ्याच्या धन बाजूवर वरच्याची ऋण बाजू. सी-अक्ष कडीच्या प्रतलाला काटकोनात असतो, केंद्राकडे नाही. तिथे वळवणारं बल म्हणजे एका वेटोळ्याचं दुसऱ्याला असलेलं आकर्षण. त्यांना स्टोनीचं सूत्र लावलं तर उत्तर निरर्थक येईल. तसंच २००५ मधल्या नॅनोहेलिक्सचं (मळसूत्री पट्ट्यांचं). त्यांत सुमारे साडेतीन नॅनोमीटर रुंदीचे पट्टे एकमेकांशी थोडा कोन करून एकाआड एक बसलेले असतात. तो वाक क्रिस्टलमध्येच कोरला गेलेला आहे, कितीही मोकळं केलं तरी सरळ होत नाही.

सरळ पट्ट्या हव्या असतील तर

आधी भट्टीच्या नळीचा इतिहास विचारा. २००४ च्या कड्यांसाठी झिंक ऑक्साइड, इंडियम ऑक्साइड आणि लिथियम कार्बोनेट २०:१:१ अशा वजनाच्या प्रमाणात घेऊन १४०० अंशांना तापवले होते. इंडियममुळे सी-अक्षाला आडवे सपाट दोष बसतात आणि पट्टी त्या प्रतलात लांब वाढते, म्हणजे रुंद बाजू ध्रुवीय होते. आमच्या एका नळीत आमच्याआधी कोणीतरी इंडियमवाली पावडर तापवली होती. वहीत ती नोंद नव्हती. शुद्ध झिंक ऑक्साइड घालूनही महिनाभर गुंडाळलेल्याच पट्ट्या येत होत्या. नवीन अॅल्युमिना नळी घातली आणि पहिल्याच बॅचला सरळ आल्या. आता आमच्याकडे झिंक ऑक्साइडची नळी वेगळी, तिच्यावर मार्करने लिहिलेली, आणि तिच्यात दुसरं काहीही जात नाही.

नळी स्वच्छ असेल, तर जाडी वाढवा. वेळ थोडा वाढवा, किंवा बोटीच्या जास्त जवळचा, गरम भागातला नमुना घ्या. आमच्या भट्टीत थंड टोकाला बारीक आणि वाकडं मिळतं, गरम अंगाला जाड आणि सरळ. प्रत्येक सेंटीमीटरचा नमुना वेगळा गोळा करा, सगळा एका डबीत खरवडू नका.

ध्रुवीय रुंद पट्टीचीच गरज नसेल, तर वाटच बदला. झिंक नायट्रेट आणि हेक्झामाइन घेऊन साधारण ९० अंशांना पाण्यात वाढवलेल्या कांड्या सी-अक्षाच्या दिशेने उभ्या वाढतात आणि सरळ असतात. २००६ मध्ये वांग आणि जिनहुई साँग यांनी नॅनोजनरेटर दाखवला, तोही सी-अक्षाच्या उभ्या तारांवर. एएफएमच्या (अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या) टोकाने त्या तारा वाकवून त्यांनी वीज घेतली.

ऑक्सिजनमध्ये अनीलिंग (पुन्हा तापवून ठेवणं) करून बघायचं असेल तर बघा, त्याने वाहकांची संख्या आणि पृष्ठभाग दोन्ही बदलतात. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि एकमेकींना टेकलेल्या पट्ट्या त्या उष्णतेने जोडल्या जातात हे लक्षात असू द्या. जोडली गेलेली कडी नंतर उघडत नाही.

इतकं करूनही पट्ट्या वाकड्याच येत असतील आणि मदत हवी असेल, तर विचारताना तीन गोष्टी सोबत द्या: सोनं न लावलेल्या कोरड्या नमुन्याचा पहिल्या स्कॅनचा फोटो, त्याच पट्ट्यांची जाडी आणि त्रिज्या, आणि त्या नळीत याआधी काय काय तापवलं होतं त्याची यादी.